घोड्याची किंमत : काम, कूळ आणि अपेक्षा

मार्गशीर्ष पौर्णिमेला, म्हणजे दत्तजयंतीला, नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेडा येथे तापीकाठी यात्रा भरते. एकमुखी दत्ताच्या दर्शनाइतकेच तेथील घोडेबाजाराचेही लोकांना आकर्षण असते. राजस्थान, गुजरात, पंजाब अशा दूरच्या प्रांतांतून व्यापारी घोडे घेऊन येतात. अशा बाजारात शेजारीशेजारी बांधलेल्या दोन घोड्यांपैकी एकाची किंमत पन्नास हजार रुपये सांगितली जाते, तर दुसऱ्याची दहा लाख. दोघेही साधारण सारख्याच वजनाचे, दोघेही रोज जवळजवळ सारखाच चारा खाणारे. मग किमतीत वीस पटींचा फरक येतो कोठून?

'घोडा जातिवंत आहे', हे विक्रेत्याचे उत्तर असते. हे उत्तर चूक नाही, पण अपुरे आहे. जात म्हणजे नेमके काय? ती कसली हमी देते आणि कसली देत नाही? या प्रश्नांचा मागोवा घेतला की प्रजनन, आनुवंशिकता आणि संभाव्यता हे शाळेत शिकवले जाणारे विषय एकाच ठिकाणी भेटतात. शिवाय एक उलटी गोष्टही लक्षात येते. जातीवरून किंमत ठरते, तशीच किंमतही जातीला घडवते आणि काही वेळा बिघडवते.

किमतीचे तीन भाग

सुरुवात खेचरापासून करू. गाढव नर आणि घोडी मादी यांच्या संकरातून खेचर जन्मते. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे असतात, गाढवाच्या पेशीत ६२. दोघांकडून निम्मी निम्मी, म्हणजे ३२ आणि ३१, मिळून खेचराला ६३ गुणसूत्रे मिळतात. ही संख्या विषम, शिवाय दोन्ही संचांची रचनाही वेगळी. त्यामुळे बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत आणि खेचर जवळजवळ नेहमीच वांझ राहते. तरीही डोंगराळ मुलखात ओझे वाहण्यासाठी लोक चांगल्या खेचरासाठी तट्टापेक्षा जास्त पैसे आनंदाने मोजतात. कारण खेचर काटक असते, त्याचे खूर घट्ट असतात आणि ते जपून पाऊल टाकते.

खेचराला संतती नाही, वंशावळ नाही आणि वरातीत मान नाही. म्हणून त्याची किंमत ही निव्वळ कामाची किंमत असते. खच्ची केलेल्या घोड्याचेही बरेचसे असेच असते. याउलट वळू घोडा किंवा चांगली घोडी विकत घेताना आपण तीन गोष्टींचे पैसे एकदम मोजतो. पहिली गोष्ट म्हणजे जनावर आज करू शकेल ते काम, दुसरी त्याच्यापासून पुढे होणारी संतती आणि तिसरी त्याचा देखणेपणा व त्यातून मालकाला मिळणारी प्रतिष्ठा. दहा लाखांच्या घोड्यात कामाचा वाटा लहान असतो, बाकीचे दोन मोठे असतात. हे तीन भाग वेगळे करून पाहिले की किमतीचे कोडे पुष्कळसे सुटते.

शिंगरू स्वस्त का होऊ शकत नाही?

जातीचा विचार करण्यापूर्वी सर्व घोड्यांना लागू असणारी एक मर्यादा पाहू. शेळी पाच महिन्यांत विते आणि तिला बहुधा दोन करडे होतात. घोडीचा गर्भकाळ सुमारे अकरा महिन्यांचा, सरासरी ३४० दिवसांच्या आसपास असतो. शिंगरू एकच होते. जुळे राहिलेच तर दोन्ही जगण्याची शक्यता फार कमी असते. त्यातही घोडी वर्षभर माजावर येत नाही. दिवस मोठा होऊ लागला की तिचे प्रजननचक्र सुरू होते आणि हिवाळ्याच्या लहान दिवसांत बहुधा थांबते. निसर्गाचा हेतू सरळ आहे : अकरा महिन्यांनी शिंगरू जन्मेल तेव्हा पुन्हा गवताचा हंगाम असावा.

शिंगरू पाच-सहा महिने दूध पिते. त्याच्यावर खोगीर चढवून नियमित काम घेण्याजोगे व्हायला साधारण तीन वर्षे लागतात. तोपर्यंत खर्च चालू राहतो. घोड्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दोन टक्के कोरडा चारा लागतो, असे ढोबळ मानले जाते. चारशे किलोच्या घोड्याला रोज आठ किलो, म्हणजे वर्षाला जवळजवळ तीन टन. गाय चारा रवंथ करून चार कप्प्यांच्या जठरात पचवते. घोड्याचे जठर लहान असते आणि तंतुमय चाऱ्याचे किण्वन पुढे मोठ्या आतड्यात होते. त्यामुळे तो चाऱ्यातून गाईइतके सत्त्व काढू शकत नाही. ही उणीव तो सतत खात राहून भरून काढतो. खुराक, नाल, मोतद्दार आणि औषधे यांचा खर्च वेगळाच.

हा खर्च जात पाहून ठरत नाही, हे महत्त्वाचे. पन्नास हजारांचा घोडा आणि दहा लाखांचा घोडा चारा सारखाच खातात. लग्नाच्या वरातीसाठी किंवा टांग्यासाठी कर्ज काढून घोडा घेणाऱ्या कुटुंबाला खरेदीची रक्कम दिसते. पण पुढच्या पंधरा वर्षांच्या चाऱ्याची बेरीज बहुधा कोणी मांडत नाही. स्वस्त घोडा असे काही नसते. असते ती फक्त स्वस्त खरेदी.

दात काय सांगतात?

काम आणि संतती या दोन्हींचा हिशेब उरलेल्या वर्षांवर अवलंबून असतो. म्हणून बाजारात अनुभवी माणूस प्रथम घोड्याचे तोंड उघडतो. घोड्याच्या पुढच्या दातांची, म्हणजे कृंतकांची, मधली जोडी साधारण अडीच वर्षांच्या वयात पडून कायमचे दात येतात. त्यांच्या शेजारची जोडी साडेतीनला आणि कडेची साडेचारला बदलते. पाचव्या वर्षी तोंड 'पूर्ण' होते. नव्या दाताच्या चावण्याच्या पृष्ठभागावर एक खळगा असतो. घासून घासून खालच्या जबड्यातील हे खळगे मधून कडेकडे, सुमारे सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षी नाहीसे होतात.

म्हणजे पाच वर्षांपर्यंतचे वय दातांवरून बऱ्यापैकी अचूक सांगता येते, आठ वर्षांपर्यंतचे ठीक सांगता येते आणि त्यानंतरचा फक्त अंदाज असतो. कारण झीज चाऱ्यावरही अवलंबून असते. रेताड जमिनीवर चरणाऱ्या घोड्याचे दात लवकर झिजतात. ही अनिश्चितता लबाडीला वाव देते. म्हाताऱ्या घोड्याचे दात कोरून, डागून त्यांत खोटे खळगे पाडण्याची युक्ती जगात अनेक ठिकाणी जुन्या काळापासून माहीत आहे. मात्र खऱ्या खळग्याभोवती दंतवल्काचे कडे असते, खोट्याभोवती ते नसते. विज्ञान शिकलेल्या खरेदीदाराने हे कडे पाहावे.

दातांबरोबर आणखी एका तपासणीचा आग्रह धरला पाहिजे, ती रक्ताची. ग्लँडर्स हा जिवाणूजन्य रोग घोड्यापासून माणसालाही होऊ शकतो. त्याची बाधा सिद्ध झालेला घोडा कायद्यानुसार नष्ट करावा लागतो. चाचणीचा खर्च घोड्याच्या किमतीपुढे किरकोळ आहे. ती न करण्याची किंमत मात्र घोड्याएवढी, प्रसंगी माणसाएवढी असू शकते.

जात म्हणजे हमी

आता जातीकडे वळू. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात आणि त्यांची टोके एकमेकांना भिडतात. मणिपुरी तट्टू बुटके पण चपळ असते आणि पोलोच्या खेळाशी त्याचे जुने नाते आहे. लडाखमधील झंस्कारी घोडा विरळ हवेत ओझे वाहतो. ही वैशिष्ट्ये पिढ्यान्‌पिढ्या टिकतात, कारण प्रत्येक जातीत ठरावीक गुणांचे नर-मादी निवडून त्यांचाच आपसात संबंध घडवलेला असतो. अशा निवडीने जातीतील जनुकांची विविधता कमी होते आणि संतती आईबापांसारखी निघण्याची शक्यता वाढते.

यातच जातीच्या किमतीचे रहस्य आहे. नुकतेच जन्मलेले शिंगरू पुढे कसे निघेल हे कोणालाच दिसत नाही. अज्ञात कुळातील शिंगरू उत्तम निघू शकते किंवा अगदी सामान्यही. जातिवंत शिंगरू कसे निघेल याची कक्षा अरुंद असते. आपण जादा पैसे देतो ते अनिश्चितता कमी करून घेण्यासाठी. शास्त्राच्या भाषेत सांगायचे तर जात सरासरीबद्दल थोडे आणि विचलनाबद्दल पुष्कळ सांगते.

ही हमी कागदावर आली की तिची किंमत आणखी वाढते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांची पहिली वंशावळनोंद इंग्लंडमध्ये १७९१ साली छापली गेली. ही नोंदवही बंद आहे. म्हणजे ज्याचे आईबाप नोंदलेले आहेत, त्याच शिंगराला तीत प्रवेश मिळतो. भारतातील अशी नोंद ठेवणारी संस्था पुण्यात आहे. या जातीत कृत्रिम रेतनाला परवानगी नाही, प्रत्यक्ष संयोगच व्हावा लागतो. एका वळू बैलाच्या रेतमात्रा हजारो गाईंपर्यंत पोचू शकतात, पण थरोब्रेड वळू एका हंगामात फार तर शंभर-दोनशे घोड्यांना पुरतो. पुरवठा नियमानेच मर्यादित ठेवलेला असल्यामुळे नामांकित वळूचे शुल्क प्रचंड होते.

या जातीत आणखी एक गंमत आहे. उत्तर गोलार्धातील सर्व थरोब्रेड घोड्यांचा अधिकृत वाढदिवस १ जानेवारी मानतात. जानेवारीत जन्मलेले आणि मेमध्ये जन्मलेले शिंगरू पुढच्या १ जानेवारीला एकदमच 'एक वर्षाचे' होते. साहजिकच जानेवारीचे शिंगरू थोराड दिसते आणि लिलावात भाव खाऊन जाते. त्यासाठी पैदास केंद्रांत हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून घोडीला दिवस मोठा झाल्याचा भास करून देतात. पहिलीच्या वर्गात वयाने सहा-आठ महिने मोठे असणारे मूल हुशार वाटते, हा अनुभव शिक्षकांना नवा नसेल.

कागद नसला की काय होते याचे उदाहरण आपल्याच दारात आहे. भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी घोडा मराठ्यांच्या इतिहासात नावाजलेला. आज त्याचे वारस प्रामुख्याने मेंढपाळ धनगरांच्या भटकंतीत संसाराचे ओझे वाहताना दिसतात. दिवसेंदिवस चालणारा, मिळेल ते खाणारा हा काटक घोडा दीर्घकाळ केवळ 'गावठी तट्टू' म्हणून ओळखला गेला आणि त्याची किंमतही तशीच राहिली. २०२३-२४ मध्ये भीमथडीची देशातील स्वतंत्र जात म्हणून नोंद झाली. घोडा तोच, जनुके तीच. पण आता त्या हमीला नाव मिळाले.

रंगाची किंमत

घोडेबाजारात रंगाला आणि खुणांना भारी किंमत असते. चारही पाय व कपाळ पांढरे असणारा पंचकल्याणी शुभ, गळ्यावरचा देवमण भोवरा शुभ, तर अमुक जागचा भोवरा म्हणजे खोड. भोवऱ्याच्या जागेचा मालकाच्या भाग्याशी काहीही संबंध नाही. पण समजूत खोटी असली तरी तिच्यामुळे पडणारा भाव खरा असतो. खोडीच्या नावाखाली निकोप घोडा स्वस्तात द्यावा लागणाऱ्या गरीब मालकाचे नुकसान अगदी खरे असते.

रंगाची आनुवंशिकता मात्र शिकण्याजोगी आहे. पालोमिनो नावाचा सोनेरी रंग घेऊ. तांबूस घोड्याच्या अंगी रंग फिका करणाऱ्या जनुकाची एक प्रत आली तर तो सोनेरी होतो आणि दोन प्रती आल्या तर जवळजवळ दुधाळ. म्हणून सोनेरी नर व सोनेरी मादी यांची संतती सरासरीने एक तांबूस, दोन सोनेरी व एक दुधाळ अशी, १:२:१ या प्रमाणात होते. सोनेरी जोडी कितीही किंमत देऊन आणली, तरी प्रत्येक शिंगरू सोनेरी होण्याची शक्यता निम्मीच! उलट तांबूस व दुधाळ यांच्या जोडीपासून प्रत्येक शिंगरू सोनेरी होते. येथे रंगासाठी मोजलेली किंमत आणि संततीसाठी मोजलेली किंमत एकमेकींपासून दूर जातात.

पांढऱ्या घोड्याची गोष्ट आणखी बोधप्रद आहे. पांढरे दिसणारे बहुसंख्य घोडे जन्मतः गडद रंगाचे असतात. वयाबरोबर त्यांचे केस पांढरे होत जातात, पण कातडी काळीच राहते. यांना करडे घोडे म्हणू. आपल्याकडे फार मागणी असलेला नुकरा यापेक्षा वेगळा. तो जन्मापासून पांढरा असतो आणि त्याची कातडी गुलाबी असते. नाकपुड्यांजवळची कातडी पाहिली की दोघांतील फरक कळतो. गुलाबी कातडीत रंगद्रव्य नसल्यामुळे कडक उन्हाचा तिला त्रास होतो, हेही खरेदीदाराने ध्यानात ठेवावे.

करड्या रंगाचे कारण २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली झालेल्या संशोधनात सापडले. डीएनएच्या एका तुकड्याची दुप्पट झालेली प्रत हे ते कारण. जगभरच्या करड्या घोड्यांत ती सारखीच आढळते. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच पूर्वजात झालेला हा बदल माणसाने आवडीने जपला आणि सर्वत्र पसरवला. पण या बदलाबरोबर रंगपेशींच्या कर्करोगाचा धोकाही येतो. पंधरा वर्षांवरच्या करड्या घोड्यांपैकी ७० ते ८० टक्क्यांना अशा गाठी होतात असे आढळले आहे. बऱ्याच गाठी सुरुवातीला निरुपद्रवी असतात, पण सगळ्या तशा राहत नाहीत. शुभ्र रंगासाठी माणूस पैसे मोजत आला, आणि त्या रंगासोबत आलेला रोग घोडा सोसत आला.

एक कोटी साठ लाख डॉलरचा घोडा

केवळ अपेक्षेची किंमत पाहायची असेल तर शर्यतीच्या घोड्यांच्या लिलावात जावे. फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात 'द ग्रीन मंकी' नावाचा दोन वर्षांचा घोडा १ कोटी ६० लाख डॉलरना विकला गेला. वंशावळ उत्तम होती आणि लिलावापूर्वीच्या चाचणीत त्याने एक फर्लांग, म्हणजे सुमारे २०१ मीटर, ९.८ सेकंदांत कापले होते. ताशी वेग काढला तर तो ७४ किलोमीटर भरतो. पुढे हा घोडा फक्त तीन शर्यती धावला. एकही जिंकला नाही आणि त्याची एकूण कमाई साडेदहा हजार डॉलरच्या आतच राहिली. याउलट १९७५ साली अवघ्या १७,५०० डॉलरना विकल्या गेलेल्या 'सिॲटल स्लू'ने १९७७ मध्ये अमेरिकेतील तिन्ही मानाच्या शर्यती जिंकल्या.

अशा दोन उदाहरणांवरून 'महाग घोडे निरुपयोगीच' असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. अपवाद लक्षात राहतात, सरासरी लक्षात राहत नाही. सरासरीने पाहता महागड्या वळूंची संतती खरोखरच अधिक कमाई करते. प्रश्न असा, की ती जनुकांमुळे करते का? एडिंबरो विद्यापीठातील विल्सन आणि रॅम्बॉट या संशोधकांनी २००८ साली चार हजारांहून अधिक घोड्यांच्या नोंदी तपासून याचे उत्तर शोधले. आयुष्यभराच्या कमाईत घोड्याघोड्यांत जो फरक दिसतो, त्यांपैकी जेमतेम दहा टक्के फरकाचे श्रेय आनुवंशिकतेला देता आले. वळूचे शुल्क त्याच्या जनुकांच्या दर्जाचे विश्वासार्ह माप ठरले नाही. महागड्या वळूकडे घोडी नेणारा मालक श्रीमंत असतो. तो शिंगराला उत्तम खुराक, उत्तम प्रशिक्षक आणि उत्तम जॉकी देतो. यशाचा मोठा वाटा तेथून येतो.

दहा टक्क्यांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका जोडीतील नर व मादी या दोघांची कमाई कळपाच्या सरासरीपेक्षा १०० एककांनी जास्त आहे. तर सारखीच निगा मिळालेल्या त्यांच्या संततीची कमाई सरासरीपेक्षा केवळ १० एककांनी जास्त असण्याची अपेक्षा ठेवता येते. उरलेले नव्वद आईबापांना निगेतून, सरावातून आणि नशिबातून मिळालेले होते. ते रक्तातून उतरत नाहीत. मोठे शुल्क घेणाऱ्या शाळेचा निकाल उत्तम लागला, की तो शाळेचा, घरच्या परिस्थितीचा की निवडून घेतलेल्या मुलांचा, हा प्रश्न आपण विचारतो. तोच प्रश्न येथे आहे.

वेगाशी संबंधित जनुके नाहीत असे नव्हे. स्नायूंची वाढ रोखणाऱ्या मायोस्टॅटिन या प्रथिनाच्या जनुकातील एका फरकावरून घोडा आखूड पल्ल्याला योग्य की लांब पल्ल्याला, हे बऱ्यापैकी सांगता येते, असे डब्लिनच्या एमेलिन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले. पण पल्ला कोणता हे कळणे वेगळे आणि जिंकणार कोण हे कळणे वेगळे.

किंमत जात कशी घडवते?

आतापर्यंत आपण किंमत हा परिणाम मानला. आता तिच्याकडे कारण म्हणून पाहू. ज्या गुणाला भाव मिळतो, त्या गुणाच्या जनावरांची पैदास वाढते. म्हणजे बाजारभाव हा डार्विनच्या निवडीचे काम करतो. फरक एवढाच, की निसर्ग संपूर्ण जनावर पारखतो, बाजार मात्र ज्याचे पैसे मिळतात तेवढेच पारखतो.

अमेरिकेतील क्वार्टर हॉर्स या जातीत १९६९ साली 'इंप्रेसिव्ह' नावाचा घोडा जन्मला. त्याचे पिळदार स्नायू प्रदर्शनांत बक्षिसे मिळवू लागले, मागणी वाढली आणि त्याला दोन हजारांहून अधिक शिंगरे झाली. पुढे त्याच्या वंशातील घोड्यांना अचानक स्नायू थरथरण्याचे, लुळे पडून कोसळण्याचे झटके येऊ लागले. स्नायूपेशींतील सोडियमचे येणेजाणे नियंत्रित करणाऱ्या जनुकातील उत्परिवर्तन हे त्याचे कारण असल्याचे १९९२ मध्ये सिद्ध झाले. हा दोष प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत आली तरी त्रास होतो. बक्षीसपात्र शरीर आणि रोग एकाच वंशातून वाहत आले होते, आणि बाजार वर्षानुवर्षे दोन्हींची पैदास करत राहिला. अखेर २००७ पासून जन्मणाऱ्या शिंगरांपैकी दोन प्रती असणाऱ्यांची नोंद करायची नाही, असा नियम त्या जातीच्या संघटनेला करावा लागला.

थरोब्रेडमध्ये धोका वेगळा आहे. काही मोजक्या वळूंनाच अफाट भाव मिळाल्याने बाकीच्या वंशरेषा मागे पडतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या, दहा हजारांहून अधिक घोड्यांच्या अभ्यासात सुमारे ९७ टक्क्यांच्या वंशावळीत 'नॉर्दर्न डान्सर' हा १९६१ साली जन्मलेला एकच घोडा आढळला. निकटच्या नात्यातील संबंध वाढले की दडून बसलेले अप्रभावी दोष दोन्हीकडून येऊन प्रकट होतात. नात्यातला हा गुंता जितका जास्त, तितकी घोडा प्रत्यक्ष शर्यतीत उतरण्याची शक्यता कमी, असेही २०२२ च्या अभ्यासात दिसले. एकेक खरेदीदार आपापल्या परीने शहाणाच वागतो. मिळून मात्र सगळी जात दुबळी होते.

ज्यांना भावच मिळत नाही त्यांचे काय? २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे व तट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे तीन लाख चाळीस हजार उरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी! रस्ते आले, वाहने आली, ओझ्याच्या तट्टाच्या कामाची किंमत घसरली. काम हाच ज्यांच्या किमतीचा मुख्य भाग होता, त्यांना पाळण्याचे कारण उरले नाही. पण विरळ हवेत तग धरण्याची किंवा निकृष्ट चाऱ्यावर जगण्याची जी जनुके अशा जातींत आहेत, ती एकदा गेली की कोणत्याही बाजारात, कोणत्याही किमतीला विकत मिळणार नाहीत. म्हणून अशा जातींची नोंद, रेत व भ्रूण गोठवून जपणे आणि पाळणाऱ्यांना मदत करणे ही कामे बाजारावर सोपवून भागत नाही. भ्रूण प्रत्यारोपणाने, दुसऱ्या घोडीच्या उदरात वाढवलेले मारवाडी शिंगरू २०२३ साली बिकानेर येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात जन्मले. या दिशेने पडलेले ते एक पाऊल आहे.

वर्गात करून पाहा

१. एक रुपयाची दोन नाणी घ्या. प्रत्येक नाणे म्हणजे एक सोनेरी पालक. छापा म्हणजे रंग फिका करणारे जनुक, काटा म्हणजे साधे जनुक. दोन्ही नाणी ८० वेळा उडवून तांबूस, सोनेरी व दुधाळ 'शिंगरे' मोजा. मग फक्त पहिली आठ शिंगरे मोजून पाहा. थोड्या संततीवरून वळूची परीक्षा करणे का अवघड असते, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल.

२. गावातील टांगेवाल्याला किंवा वरातीचा घोडा ठेवणाऱ्याला भेटा. चारा, खुराक, नाल आणि औषधे यांचा वर्षाचा खर्च मांडा. खरेदीच्या किमतीएवढा खर्च किती वर्षांत होतो?

३. बैल, म्हैस, शेळी यांच्या स्थानिक बाजारात कोणत्या खुणांमुळे भाव वाढतो किंवा पडतो याची यादी करा. प्रत्येक खुणेपुढे तीन रकाने आखा : काम, संतती, समजूत. कोणती खूण कोणत्या रकान्यात बसते यावर वर्गात मतभेद होतील. ते होऊ द्यावेत, आणि प्रत्येक बाजूला आपल्या म्हणण्याचा पुरावा काय, हे विचारावे.